खोट कशाबरोबर फिरते

मंगळवार, ४

आज पाटी लागली. 'येथे प्रोजेक्टर दुरुस्त होतील.' माझं नाव नाही त्यावर. दादा म्हणाला, बाईचं नाव वाचून कोण मशीन आणणार? मी म्हटलं, बिननावाची पाटी वाचून तरी कोण आणणार? मग दोघांनी मिळून ती वाकडी ठोकली.

पुढची खोली आता वर्कशॉप. मागच्या खोलीत आई. मधलं दार लागत नाही, कारण त्यातून एक्स्टेंशनची वायर गेलीय. त्यामुळे माझ्या स्क्रूड्रायव्हरचा आवाज तिला जातो, आणि तिच्या कॉमेंट्री मला येतात.

गेल्या महिन्यात ती बाथरूममध्ये पडली. ओटीपोटाच्या हाडाला चीर, शिवाय बेसिनची कड डाव्या भुवईवर. भुवईचे टाके सुकले, हाडाला वेळ लागणार. हाडाच्या डॉक्टरांचा हुकूम एकच, उताणं पडून राहायचं. आई म्हणते, "जन्मभर मान खाली घालून काम केलं. आता म्हणतात छत बघ."

म्हणून छतच बघण्यासारखं करायचं ठरवलं. एका प्रोजेक्टरची लेन्स फुटलेली, दुसऱ्याचं बोर्ड जळलेलं. दोन मेलेल्यांतून एक जिवंत काढला, स्टुलावर तोंड वर करून बसवला आणि लावला समुद्र. अख्खं छत हलायला लागलं. आई वरच बघत राहिली. मला वाटलं रडते की काय.

"निळा हिरव्याकडे झुकतोय," म्हणाली.

झुकत होता. मी सेटिंगमध्ये जाऊन दोन घरं मागे घेतला, तेव्हा मला फरक दिसला.

हे लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटणार नाही. आई कापडाच्या कारखान्यात शेड जुळवायची. गिऱ्हाइकाचा नमुना आणि नुकता रंगवलेला तुकडा शेजारी शेजारी खिडकीत धरायचे आणि सांगायचं, पास की नापास. तेही एका डोळ्यावर. उजवा तिचा लहानपणीच गेला, त्याला नुसता उजेड-अंधार कळतो. कारखान्यात तिला 'घार' म्हणायचे. मग रंग मोजायचं यंत्र आलं. यंत्र म्हणालं पास आणि घार म्हणाली नापास, की लोक आधी यंत्राची काच पुसायचे. पुसल्यावर यंत्र पण नापास म्हणायचं.

आमच्या घरात हीच पद्धत आहे. आईला दिसलं आणि तुला नाही, तर तू नीट बघ.


गुरुवार, ६

पहिलं गिऱ्हाईक! क्लासवाले सर. चित्र पिवळं येतंय, पोरं म्हणतात सरांना कावीळ झाली. मशीन उघडायची वेळच आली नाही. केबलच्या टोकाची एक पिन वाकली होती, निळा पोचतच नव्हता. चिमट्याने सरळ केली. सर म्हणाले, "एवढंच?" एवढंच म्हटलं की पैसे देताना हात आखडतो, म्हणून मी गंभीर चेहरा करून लेन्स पण पुसली.

सर्व्हिस सेंटरमधल्या माझ्या उस्तादांची पहिली शिकवण, आधी केबल बघ. निम्मी दुखणी केबलचीच. दुसरी शिकवण, एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्या आणि मशीन सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कळत नाही, म्हणजे तू शिकली काहीच नाहीस. सर्व्हिस सेंटर सोडताना फक्त त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "पोरी, उपाशी मर पण घाईत मशीन उघडू नको."

संध्याकाळी आई: "मिस्त्रीणबाई, तुझ्या समुद्रावर माश्या बसल्यात."

"कुठे?"

"सगळीकडे. काळे ठिपके. मी डावीकडे बघितलं की डावीकडे पळतात."

मला दिसले नाहीत. पण आतल्या काचेवर धूळ बसली की ठिपके येतात, आणि फॅनच्या वाऱ्याने धूळ हलत असणार. केबल बदलून बघितली. ठिपके आहेत तसेच.


रविवार, ९

दादा आला, फळं घेऊन. छताखाली आईच्या शेजारी आडवा झाला, तेही बूट घालून.

"क्लिअर तर आहे सगळं," म्हणाला. "ठिपके कुठेयत?"

आई म्हणाली, "तू गप रे. तुझ्या एका पायात काळा मोजा आहे, एका पायात निळा."

दादाने बूट काढून बघितलं. खरंच. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी. आम्ही तिघं इतके हसलो की आईला कंबरेत कळ आली आणि मग तिने आम्हाला हसल्याबद्दल शिव्या दिल्या.

जाताना दादा दारात म्हणाला, "ए मेकॅनिक, तुला दिसतात का ते ठिपके?"

"नाही."

"मला पण नाही."

"तुला मोजे दिसत नाहीत."

दादा गप्प बसला. त्याला गप्प बसवायला मला आवडतं. लहानपणापासून.


सोमवार, १०

फिल्टर काढला. त्यात इतका कचरा की उशी भरली असती. ब्लोअर मारून सगळं साफ. संध्याकाळी आईला विचारलं, आता?

ती जरा थांबली. "कमी झालेत बहुतेक."

केबलने नाही, फिल्टरने. म्हणजे धूळच. दोन्ही एकदम केलं असतं तर कळलं नसतं. उस्ताद की जय.


बुधवार, १२

नवी तक्रार. चित्राच्या कडेला लखलखतं. वीज चमकल्यासारखं, पण बारीक, कोयरीच्या आकाराचं.

लॅम्प म्हातारा झाला की फडफडतो, सगळ्यांना माहिती आहे. ह्या मशीनचा लॅम्प जुन्या मशीनचा, त्याचं किती जळून झालंय देव जाणे. मी समोर बसून बघत राहिले. एकदाही फडफडला नाही. मी उठले की फडफडत असेल.

"बंद केल्यावर पण चमकतं गं," आई म्हणाली. "अंधारात जास्त."

हे मला आधी विचित्र वाटलं. मग लक्षात आलं, मशीन बंद केलं तरी बटणाशेजारचा लाल दिवा मिचमिचत राहतो, थंड होईपर्यंत. त्यावर काळी चिकटपट्टी लावली.

"आता?"

"झोप जा. दिवसभर वाकून वाकून तुझीच कंबर मोडेल, मग छताखाली दोन खाटा."


शनिवार, १५

दोन दिवस कोणी आलं नाही. एक आजोबा आले, बिघाड दाखवायला. झाकण लेन्सवर तसंच होतं. मी काढलं. आजोबा म्हणाले, वा. पैसे मागायची लाज वाटली आणि नंतर मागितले नाहीत ह्याची.

खरं लिहायचं तर भीती वाटते. नोकरी सोडली तेव्हा सगळ्यांना सांगितलं की मला स्वतःचं करायचंय. अर्धं खरं होतं. अर्धं म्हणजे आईजवळ कोणीतरी हवं होतं, आणि दादाच्या घरी जागा नाही, आणि दादाच्या बायकोच्या मनात तर मुळीच नाही. पण 'आईसाठी सोडली' म्हटलं की आई ऐकेल. मधलं दार लागत नाही.

लॅम्प मागवलाय. आला की बदलते. तोपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही.


रविवार, १६

ठिपके परत आले. आई म्हणते आता माश्या नाहीत, काजळी उडतेय.


मंगळवार, १८

लॅम्प आला, बसवला. उजेड मस्त, छत नुसतं धुतल्यासारखं. मी म्हटलं बघ!

आई म्हणाली, "उजेड छान आहे. पण खालच्या कोपऱ्यात सावली कसली?"

"कुठल्या?"

"उजव्या. पडदा अर्धवट ओढल्यासारखा."

मी स्टुलाभोवती फिरले. उशी आड येतेय का बघितलं, तिची चादर, माझं डोकं. सावली नाही. म्हणजे मला दिसणारी नाही. तिला म्हटलं, किती काळी आहे, काळी की करडी? तर ती तिच्या कारखान्याच्या आवाजात म्हणाली, "ओल्या पाटीचा करडा." मग मी रिमोटने छतावर एक पांढरा चौकोन टाकला. म्हणाली, त्याची खालची रेघ वाकडी आहे, मधेच पोक काढल्यासारखी. मी चौकोनाचे कोपरे रिमोटने ताणून ताणून सरळ करत बसले. पट्टी लावून मोजला. पट्टीप्रमाणे सरळ. तिच्याप्रमाणे वाकडा.

मग मी तिच्याप्रमाणे सरळ केला. आता मला वाकडा दिसतोय. असू दे. बघणार तीच आहे.

आतला काचांचा भाग उघडावा लागणार असं दिसतंय. ते जोखमीचं काम, घाईत करायचं नाही.


बुधवार, १९

मोठं काम मिळालं! सभागृहाचा मॅनेजर स्वतः आला. छताला टांगलेले दोन प्रोजेक्टर, परवा कुठल्याशा कंपनीची सभा, एक बंद आणि एक गुलाबी. हे जमलं तर वर्षभराचं काम देईन म्हणाला. मी म्हटलं जमेल.

आई हाक मारून म्हणाली, "ऐकलं मी. वर्षभराचं! जा, नीट कर. माझा समुद्र कुठे पळून जात नाही."

सावली वाढलीय का विचारलं. म्हणाली, "असेल थोडी. तू तुझं काम बघ."

उस्तादांना फोन केला, काचांचा भाग कसा उघडू म्हणून. त्यांना सगळं सांगितलं. ठिपके, लखलख, सावली, वाकडी रेघ. ते बराच वेळ हूं हूं करत होते.

"सावली तुला दिसते?"

"नाही. आईला दिसते."

"मग उघडतेस कशाला? आधी फिरवून बघ. मशीन उलटं फिरव. खोट मशीनबरोबर फिरली तर मशीनची. जागेवर राहिली तर भिंतीची. पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, विसरलीस? स्वतःची पाटी लावली की लोक अक्कल उतरवून त्याच खिळ्याला टांगतात."

बरोबर आहे. हे आधीच करायला हवं होतं. उद्या आणि परवा सभागृह. शनिवारी करते.


शुक्रवार, २१

दोन्ही चालू! गुलाबीवाल्याची हिरवी काच जळली होती, ती बदलली. बंदवाल्याचं काहीच नव्हतं, कोणीतरी भिंतीतलं बटण बंद केलं होतं, पण ते मी मॅनेजरला कशाला सांगू. सभा सुरू झाली तेव्हा मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. एवढे लोक माझ्या उजेडाकडे बघत होते. तो कोणाचा हे एकालाही माहीत नव्हतं, हेच तर खरं काम.

घरी येऊन आईला सगळं रंगवून सांगितलं. ती माझ्याकडे बघून हसत होती. म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या जरा शेजारी. मला वाटलं दमलीय.


शनिवार, २२

सकाळी फिरवून बघितलं.

आईने चहा नको म्हटलं. मी पांढरा चौकोन लावला आणि विचारलं, सावली कुठे?

"उजवीकडे. खालून वर आलीय. अर्ध्याच्या वर."

"बरं. आता मी मशीन उलटं करते. सावली कुठे जाते ते सांग."

स्टूल फिरवलं. चित्र उलटं झालं. 

"कुठेय?"

"उजवीकडे."

म्हणजे मशीनची नाही. मला केवढं बरं वाटलं ते लिहिते, लाज वाटली तरी. मशीन चांगलं आहे. छताचा दोष, चुन्याला ओल आली असणार. मग मी स्टूल सरकवून चित्र दुसऱ्या भिंतीकडे नेलं, जिथे छत कोरडं आहे.

"आता?"

"उजवीकडेच गं."

मी तशीच उभी राहिले, स्टुलाला धरून. खोट मशीनबरोबर फिरली नाही. छतावर राहिली नाही. उस्तादांनी तिसरं काही शिकवलंच नव्हतं.

मी प्रोजेक्टर बंद केला.

"आई, आता?"

फॅन थंड होऊन थांबला. मग म्हणाली, "आता पण आहे."

मी तिच्या डोळ्यांसमोर हात धरला. डाव्या. चार बोटं. तिला विचारलं, किती? ती म्हणाली, "हात तुझाच आहे ना?"


त्याच दिवशी, नंतर

दादा गाडी घेऊन आला, आम्ही तिला दार काढून त्याच्यावर नेलं. मधलं दार. वायर तोडली. हे दार आजवर कशाच्याच उपयोगाचं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या. खूप वेळ आत बघत होत्या, मग खुर्ची मागे घेतली. डोळ्याच्या आतला पडदा असतो, तो मागच्या भिंतीपासून सुटत आलाय. ठिपके, मग चमकणं, मग सावली, ह्याच क्रमाने होतं, म्हणाल्या. जवळजवळ नेहमीच.

"भुवईला मार लागला होता? मग पेशंटने सांगितलं नाही का काही चमकतंय म्हणून?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

"कोणाला?"

दादा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "मला."

त्यांनी पुढे विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या की मधला भाग सुटायच्या आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. आता मधलाही सुटलाय. केव्हा, ते सांगता येत नाही, पण दोन-चार दिवसांतच असावं.

दोन-चार दिवसांत मी सभागृहात होते.


मंगळवार, २५

ऑपरेशन झालं. आता गंमत अशी की डोळ्यात हवा भरलीय, ती पडद्याला आतून दाबून धरणार, आणि त्यासाठी माणसाने पालथं झोपायचं. हाडाचे डॉक्टर म्हणतात उताणंच, हलवलं तर चीर वाढेल. व्हरांड्यात दोघांची जुंपली. ते म्हणाले, बाई चालायची नाही. त्या म्हणाल्या, बाईला दिसायचं नाही. आम्ही दोघं भावंडं मधे उभी, जशी ती आमच्याच घरची भांडणं.

शेवटी एका कुशीवर उशा लावून तडजोड. ना उताणी, ना पालथी.

प्रोजेक्टर छताला उलटा टांगला तर त्याच्या मेनूत एक बटण असतं, ते दाबलं की चित्र सरळ. हे मला सारखं आठवत होतं, अगदी नको असताना.

दादा बाहेर गेल्यावर मी तिला विचारलं. तुला संशय आला नव्हता का?

तिचं तोंड भिंतीकडे होतं. "आला होता. अंधारात लखलखलं तेव्हाच आला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते की रोज."

"आई, मशीनबद्दल बोलत होतीस तू."

"दरवेळी तू म्हणायचीस, हे बदललं की जाईल. मला पण वाटायचं, मशीनचंच निघू दे. मशीनचं निघालं तर तू नीट करशील." मग जरा वेळाने, "कारखान्यात लोक यंत्र पुसायचे ना. मला तेव्हा किती बरं वाटायचं तुला काय सांगू. डोळा चुकला म्हणायची पाळीच आली नाही कधी. ह्या वयात कोण म्हणणार?"

मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "रडू नको. उशी सरकते."


शनिवार, १३

पट्टी निघाली. मध्ये इतके दिवस काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरांनी टॉर्च मारला. आई म्हणाली, उजेड आहे. टॉर्च बंद केला. आई म्हणाली, गेला. रंगीत कागद धरले. आई काहीच म्हणाली नाही. डॉक्टरांनी कागद खाली ठेवले, आवाज न करता, पण आईने तो ऐकला. म्हणाली, "नापास?"

आता दोन्ही डोळे सारखे.


गुरुवार, १८

आई घरी. दार परत बसवलं, आता लागतं. आम्ही ते उघडंच ठेवतो.

क्लासवाले सर आले होते, चित्रावर डाग येतोय म्हणून. मी मशीन हातात घ्यायच्या आधी विचारलं, डाग तुम्हालाच दिसतो की पोरांना पण? ते म्हणाले, म्हणजे? मी म्हटलं, सांगा ना. पोरांना पण दिसतो म्हणाले. मग मी मशीन घेतलं. ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघत गेले. बघू देत.

सभागृहाच्या मॅनेजरचा कागद आलाय सहीसाठी. वर्षभराचं काम. अजून सही केली नाही. करीन. करावीच लागेल.


रविवार, २१

दादा येऊन गेला. आईने त्याला विचारलं, मोजे? तो म्हणाला, दोन्ही काळे. खोटं होतं, एक तपकिरी होता. मी काही बोलले नाही. पहिल्यांदाच.

तो गेल्यावर आई म्हणाली, "लाव की ते छतावरचं."

मी म्हटलं, कशाला?

"आवाज बरा वाटतो. खोलीत कोणी आहे असं वाटतं. आणि उजेड कळतो मला, एवढं विसरू नको."

लावलं. फॅन घरघरायला लागला. आईने तोंड वर केलं.

"काय लावलंयस?"

मी वर बघितलं. समुद्र लावायचा होता, पण छतभर नुसता निळा रंग आला होता. मशीनला चित्र पोचलं नाही की तो येतो. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, सिग्नल नाही.

"समुद्र," म्हटलं.

"लाटांचा आवाज नाही तो?"

"बारीक केलाय."

"निळा कसा आहे?"

आयुष्यात पहिल्यांदा ती मला रंग विचारत होती. मी बघत राहिले. निळा होता. सपाट. कशाकडेच झुकत नव्हता.

"आई, समुद्र नाहीये. नुसता निळा आहे. सिग्नल येत नाहीये."

मग तिने उशीवर डोकं नीट ठेवलं.

"मग आधी केबल बघ," म्हणाली. "तूच म्हणतेस ना, निम्मी दुखणी केबलची असतात."

मी खाली वाकून केबल बघितली. दोन्ही टोकं बघितली. घट्ट होती.